निरोगी पानांचे फोटो

जाफराबादला एका कृषी सेवा केंद्राच्या वरची खोली मी हंगामापुरती भाड्याने घेतली होती. पीएचडीसाठी कपाशीच्या पानांचे फोटो हवे होते. काम सांगायला सोपे होते. पान निरोगी आहे की रोगट, हे संगणकाने फोटो पाहून ओळखायचे. या पद्धतीला डीप लर्निंग म्हणतात. त्यात संगणकाला नियम सांगत नाहीत, नुसते फोटो दाखवतात. फरक त्याने स्वतः शोधायचा. म्हणून दोन्ही प्रकारची पाने भरपूर लागतात.

रोज सकाळी जीपने एखाद्या गावाला जायचे, बांधावरून चालायचे, फोटो काढायचे. मोबाईल धरलेली अनोळखी बाई शिवारात दिसली की लोक हातातले काम टाकून येत. अशी बाई विम्याची, नाहीतर पंचनाम्याची, हे त्यांनी धरलेलेच असे.

"मॅडम, इकडं या. ह्ये बघा, समदा लाल्या पडलाय."

"त्याचं काय घेता? त्याच्या रानात निम्मं गवतच हाय. माझ्यात या."

लाल्या म्हणजे कपाशीची पाने लाल पडून गळण्याचा रोग. मी विम्याची नाही, विद्यापीठाची आहे, असे सांगितले की घोळका पांगत असे. "मंग उगंच ऊन खाऊन राह्यल्या की," एक जण जाता जाता म्हणाला आणि बाकीचे हसले. दिवसभर पुष्कळ लोक माझ्याशी बोलत, पण ते बोलणे पंचनाम्याशी असे. संध्याकाळी खोलीवर आल्यावर खालच्या दुकानाचे शटर पडल्याचा आवाज येई. त्यानंतर काही नसे.

लोक दाखवत ती पाने रोगट असत. ज्याचे रान चांगले, तो फोटोला नको म्हणायचा, दृष्ट लागते. पोळा झाल्यावर गाईडनी फोनवर विचारले, "निरोगी पानं कुठं आहेत?" माझे मॉडेल, म्हणजे या फोटोंवर शिकवलेला संगणकाचा प्रोग्राम, तोपर्यंत कोणतेही पान रोगट ठरवू लागले होते. घरमालकाच्या दारातल्या जास्वंदीलाही त्याने लाल्या सांगितला. पाने हिरवी आहेत तोवर निरोगी फोटो मिळाले नाहीत तर हंगाम जाणार होता, आणि हंगामाबरोबर वर्ष.

केदारखेड्याच्या बाजूला एक रान हिरवेगार दिसले. पन्नाशीच्या एक बाई एकट्याच खुरपत होत्या. मी काय हवे ते सांगितले.

"चांगल्या पानाचे फोटू?" त्यांनी खुरपे थांबवले. "पोरगी दाखवायची तर चांगली दाखवतेत. रान दाखवायचं तर वाईट दाखवतेत. तुम्ही उलटंच मागून राह्यल्या."

काम त्यांना लगेच कळले. अडचण दुसरीच होती. गावाने नुकसानीचे अर्ज भरले होते.

"माझं हिरवं रान फोटूत गेलं अन् गावाचा इमा अडला, तर? मला इथंच राह्यचंय, बाई. तुमचं काय, तुम्ही जीपमधी बसून जाताल."

फोटोत फक्त पान असेल, बांध किंवा झाड दिसणार नाही, असे मी म्हणाले.

"जमीन बी नको."

त्यांनी हात पदराला पुसला, बांगड्या मागे सारल्या आणि पहिले पान न तोडता तळहातावर घेतले. मी फोटो काढला. मग पुढचे. आम्ही सरीमागून सरी पुढे सरकत राहिलो.

"घरी कोण असतं?"

"आई. लातूरला."

"अन् इथं?"

"कुणी नाही."

"मंग भाकरी कोण करतं?"

"खानावळीचा डबा आहे."

"वरण पातळ देत असंल."

"हो."

"दिसतंयच तुमच्याकडं बघून."

त्या हंगामात माझ्याविषयी कोणी काही विचारल्याचा तो पहिला प्रसंग. निघताना त्यांनी ओढ्याकडची वाट दाखवली.

"आता परत येऊ नका. एकदा आल्या तर वाट चुकल्या म्हणीन. दुसऱ्यांदा आल्यावर लोकाला काय सांगू?"

हे फोटो घातल्यावर मॉडेल जवळजवळ एकही चूक करीना. इतका चांगला निकाल संशयास्पद असतो. मी लाल्या पडलेले एक पान आणले, स्वतःच्या तळहातावर ठेवले आणि फोटो दिला. उत्तर आले: निरोगी. मॉडेल पान पाहतच नव्हते. निरोगी पानामागे प्रत्येक फोटोत हात होता आणि रोगट पानामागे कुठेच नव्हता. ते हात ओळखायला शिकले होते.

त्या बाईंच्या रानात पुन्हा फोटो काढायला जाणे हा सोपा उपाय होता. मी गेले नाही. एव्हाना इतर रानांत हिरवी पाने उरली नव्हती. रोगट पाने स्वतःच्या तळहातावर घेतली असती, तर मॉडेल आमच्या दोघींच्या हातांतला फरक शिकले असते. राहिला एकच उपाय: प्रत्येक फोटोतून हात पुसणे. खोलीत खिडकीशी बसून मी ते काम केले. आधी मनगट आणि बांगडी, मग बोटे, शेवटी पानाच्या कडेला लागलेली त्वचा. काही फोटोंत अंगठा पानावर आलेला होता. तो काढला तर पान फाटल्यासारखे दिसे, म्हणून ते फोटो बाद केले. रोगट पानांमागची जमीनही मग तशीच पुसली.

त्यानंतर मॉडेल पानांकडे पाहू लागले. आता ते चुकत होते, पण पानांमुळे चुकत होते. ते सुधारता येत होते. प्रबंधाचे ते प्रकरण मंजूर झाले. त्यातली सगळी पाने पांढऱ्यावर आहेत. रान कोणाचे, याचा उल्लेख कुठेही नाही.

खोली सोडून जालन्याला निघाले तेव्हा एसटी केदारखेड्यावरून गेली. रस्त्यालगतच्या रानांत वेचणी चालू होती. बायका ओळीने वाकलेल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. पाने तळहातावर धरणाऱ्या त्या बाई त्यांच्यात होत्या की नाही, हे खिडकीतून ओळखता आले नाही. थांब्यावर दोघे जण उतरले. मी बसून राहिले.