सरकलेलं अक्षर

धाकटीचं काम म्हणजे शेकडो प्राण्यांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएची अख्खी अक्षरमाळ, एकाखाली एक मांडणं. उंदीर असो, वटवाघूळ असो की माणूस, मूळची एकच जागा एका उभ्या रांगेत यायला हवी. ते जुळवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. त्यावर तिचा भारी जीव.

म्हणूनच तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी पोहता पोहता बेशुद्ध पडली, तेव्हा थोरलीने मुलीच्या डीएनए तपासणीचा रिपोर्ट हिलाही पाठवला. हृदयाशी संबंधित एका जनुकात एक अक्षर बदललं होतं. ते घातक आहे की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पुढची तपासणी होईपर्यंत पोहणं नको, एवढंच ते म्हणाले.

धाकटीने ती रांग काढली. काही वटवाघळांत भाचीचंच अक्षर होतं, आणि ती वटवाघळं तर मजेत उडत होती.

"घाबरू नकोस गं," तिने फोनवर सांगितलं. "हे अक्षर चालतं."

थोरलीला हायसं वाटलं. पोरीची पोहण्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात धाकटीने सहज तो तुकडा पुन्हा उघडला. त्या वटवाघळांत शेजारचीच काही अक्षरं गळलेली होती. अशा ठिकाणी प्रोग्रॅम कधीकधी रिकामी जागा भलतीकडेच सोडतो. तिने तेवढा भाग नव्याने जुळवला. अक्षरं एका घराने सरकली. आता वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. वेगळी फक्त भाची. जे अक्षर कुठल्याच प्राण्यात बदललेलं नाही, ते बदलणं धोक्याचं असू शकतं.

थोरली फोन उचलेना. या वेळी पोरगी सरावाला गेलेली असणार. धाकटी तशीच पोहण्याच्या तलावाकडे धावत सुटली. भाची काठावर उडीच्या पवित्र्यात वाकलेली.

"थांब! मागे हो!" धाकटीने तिचा दंडच धरला.

थोरली भडकली. "अगं, काल तूच म्हणालीस ना, चालतं म्हणून?"

"चुकले मी. जुळणीच चुकली होती."

"माझ्या पोरीवर कसले प्रयोग करतेस?"

धाकटीने दंड सोडला नाही.

तपासणीत ट्रेडमिलवर धावताना भाचीच्या हृदयाचा आलेख बिघडला. गोळ्या सुरू झाल्या, पोहणं सुटलं, आणि भाचीने मावशीशी अबोला धरला. थोरली एकदा जिन्यात म्हणाली, "तू ते परत उघडलंच नसतंस तर..." आणि स्वतःच दचकून तिने तोंडावर हात ठेवला.

धाकटीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. तिची जुळणी बाहेरही वापरली जायची. आणखी कुणाला "चालतं" म्हणून सांगितलं गेलं असेल? तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि एकेका प्रयोगशाळेला फोन लावायला घेतला.