ओढ्याअलीकडची हिरवळ

आमच्या गोल्फच्या मैदानावरचा नववा होल दिसायला गरीब आहे. पुढच्या टीवरून, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेवरून, झेंड्यापर्यंत जेमतेम सव्वादोनशे यार्ड. चार फटक्यांत चेंडू खड्ड्यात पडला तर तुम्ही पास, त्याला पार म्हणतात. तीनमध्ये पडला तर शाबासकी. एवढ्याशा अंतराला चार फटके म्हणजे नुसते लाड, असं नव्या माणसाला वाटतं. मग त्याला ओढा दिसतो. झेंड्याच्या साठेक पावलं अलीकडे तो आडवा गेला आहे आणि दसऱ्यापर्यंत त्याला चांगलं पाणी असतं. एका दणक्यात ओढा ओलांडला तर झेंडा हाताशी येतो. कमी पडलात तर चेंडू पाण्यात, वर एक फटका दंड, आणि मागे उभी असलेली मंडळी खोकल्याचं निमित्त करून हसतात.

यावर मी एक तोडगा काढला होता आणि तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत असे. ओढ्याच्या अलीकडे एक रुंद हिरवळ आहे, सतरंजीसारखी सपाट. पहिला फटका आखूड मारून तिथे थांबायचं, दुसऱ्या लहान फटक्याने ओढ्यावरून जायचं. हाव नाही, धोका नाही. उन्हाळ्यात हे छान जमायचं. पावसाळा संपला की मात्र माझा दुसरा फटका हटकून फसायचा, क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, जमिनीत रुतायचा आणि चेंडू टुणकन उडून ओढ्यात पडायचा. दमट हवेने मनगट धरतं, असं माझं निदान होतं. मी तेल चोळलं, पट्टा बांधला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तोडगा चुकीचा असेल हे काही मनात आलं नाही.

हे मैदान डोंगराच्या उतारावर आहे, धरणाच्या फुगवट्याकाठी. मालकाने जमीन घेतली तेव्हा तिथे भाताची खाचरं होती. बांध मोडून, गवत लावून त्याने नऊ होल केले. मी घोडेगावात राहतो. कालव्यांवर ओव्हरसियर होतो, म्हणून सगळे अजून रावसाहेब म्हणतात. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा हा खेळ बरा, असं घरच्यांचंच मत पडलं.

सहा वर्षं माझी क्लबांची बॅग एकाच बाईंनी वाहिली. तळेघरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथून पायी सडकेला यायचं, मिळेल ती बस धरायची. पंचेचाळिशीच्या असतील. नऊवारी पातळ गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि ते बूटही खेळ नसला की काढून हातात. बोलणं फार कमी. मी अंतर विचारलं की अंतर सांगायच्या. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की जुने क्लब घेऊन त्या एकट्याच खेळायच्या, हे मला माहीत होतं, पण मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा गेला. आयुष्यभर चिखलात वाकून भात लावलेला, त्यावर डोंगर उतरणं आणि खांद्यावर बॅग. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. बॅग वाहता येत नाही तर मैदानावर काम काय? नेमकी तेव्हाच नवशिक्यांना खेळ शिकवणाऱ्याची जागा रिकामी झाली. एका जागी उभं राहून शिकवायचं, आणि राहायला आवारात खोली. मालकाने जाहीर केलं की दसऱ्याच्या खेळात जो कामगार जिंकेल, ही जागा त्याची. बाई हरल्या असत्या तर परत वाडीवर गेल्या असत्या, आणि वाडीवर तोच चिखल होता.

दसऱ्याच्या खेळाची आमची एक रीत आहे. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कॅडींच्या, म्हणजे बॅगा वाहणाऱ्यांच्या, शेडमध्ये सगळे क्लब भिंतीला लावून पुजतात. पात्यांवर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दसऱ्याला कामगार खेळतात आणि आम्ही सभासद त्यांच्या बॅगा वाहतो. कॅडी त्याला आपला पोळा म्हणतात. "वर्सभर आमी वढलं, आज तुमी वढा राव," असं म्हणून बॅग खांद्यावर देतात. चिठ्ठी काढली तर माझ्या नशिबी बाईच आल्या.

त्यांच्या बॅगेत लांब पल्ल्याचा एक क्लब होता. त्याच्या डोक्याला त्यांनी नवा खण गुंडाळला होता. मी आपला कामसू कॅडी, ओला रुमाल घेऊन पुसायला निघालो. त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या रावसाहेब. त्याची हळद अजून मोडायची न्हाई," त्या म्हणाल्या. आठ होल त्या आखूड क्लबांनीच खेळल्या. लंगडत होत्या, पण चेंडू सरळ जात होता. मी मनात चरफडत होतो की पूजाच करायची होती तर क्लब घरी देव्हाऱ्यात ठेवायचा.

आठ होलनंतर त्या आणि नारायणगावकडचा एक कॅडी बरोबरीत होते. हा गडी द्राक्षबागांच्या मुलखातला, एकेकाळी तालमीत घुमलेला, दंड असे की क्लब वेताच्या छडीसारखा दिसावा. नववा होल उरला होता. आधी मारायची पाळी त्याची होती. त्याने एकदम माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "रावसाहेब, आज तुमचंच ऐकतो." त्याने आखूड फटका मारला. चेंडू ओढ्याअलीकडच्या त्या हिरवळीवर मधोमध पडला आणि पडल्या जागी थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

मी बाईंच्या हातात आखूड क्लब दिला. त्यांनी तो परत बॅगेत ठेवला आणि लांब क्लबचा खण सोडायला लागल्या.

मी चिडलो. "बाई, वेड लागलंय का? बरोबरी आहे. पाण्यात गेला तर खोली गेली. त्याच्यासारखं अलीकडे थांबा."

"तिथं थांबाया जागा न्हाई, रावसाहेब."

"एवढी हिरवळ दिसत नाही?"

"दिसती की. म्हून तर म्हंते. ते आमचं ढवाचं खाचर व्हतं तसलंच हाय, सदा पानी धरनारं. वरच्या बांधातनं खाली उपळ फुटती. दिवाळीपत्तुर तिथं गुरं बी घालत न्हाईत, खूर रुततो. ह्यांनी वर गवत लावलं, खालचं पानी कुटं जाणार?" त्यांनी चेंडू ठेवला. "वढ्याच्या पल्याड कोरडं हाय. अन् तिथनं उतार झेंड्याकडं हाय. धोका अल्याडच हाय."

हे सगळं त्या झेंड्याकडे बघत, नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या. मग गुडघ्यावर एकदा तळवा दाबला आणि फटका मारला. आवाज छोटाच झाला. चेंडू उंच गेला, ओढ्यावर आला, आणि मला तो कमी पडलेला दिसत होता. तो पडला नाही. पलीकडच्या काठावर टेकला, एकदा उडाला आणि उतार धरून निवांत चालत गेला. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर, झेंड्यापासून दहाएक पावलांवर थांबला. मघाशी टाळ्या वाजवणारे नीट बघायला ओढ्याकडे सरकले.

नारायणगावकर आपल्या चेंडूपाशी गेला. चेंडू अर्धा गवतात बसला होता. त्याने मारला तो माझा फटका होता, अगदी हुबेहूब. क्लब रुतला, गढूळ पाणी उडालं, चेंडू टुणकन ओढ्यात. त्याने मनगट झटकलं आणि त्याच्याकडे संशयाने पाहिलं. सहा वर्षं मी ज्या मनगटाला तेल चोळलं, ते बिचारं निर्दोष होतं.

बाईंनी दोन हलक्या फटक्यांत चेंडू खड्ड्यात घातला. तीन झाले. खड्ड्यातून चेंडू काढायचं काम कॅडीचं, म्हणून मी वाकलो. चेंडू हातात फिरवला तर एका बाजूला हळदीचा ठसा. गवतातून इतका घरंगळूनही पुसला नव्हता. मी बॅगेतून क्लब काढून पाहिला. हळद पात्याच्या ऐन मध्यावरून निघाली होती, रुपयाएवढी, आणि भोवतीची जशीच्या तशी होती. असा मध्यावर बसलेला फटका मी जन्मात मारलेला नाही. मी तो क्लब आणि तो चेंडू घेऊन उभा राहिलो. देवळात उभं राहतात तसा. बाई तोवर नारायणगावकराला आपट्याचं सोनं देत होत्या. त्याने दिलखुलासपणे त्यांना वाकून नमस्कार केला.

परत येताना बॅग माझ्याच खांद्यावर होती. मी विचारलं, "सहा वर्षं मी तिथे चेंडू घालत होतो. तुम्ही शेजारी उभ्या होता. एकदाही सांगितलं नाहीत?"

"तुमी अंतर इचारायचे," त्या म्हणाल्या. "जिमिनीचं कदी इचारलं न्हाई." त्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं.

आठवड्याने त्या खोलीत राहायला आल्या. पहिला विद्यार्थी मी. वाटलं, पकड शिकवतील, खांदे कसे फिरवायचे ते सांगतील. त्या मला नवव्या होलवर घेऊन गेल्या, स्वतः बांधावर बसल्या, गुडघा लांब केला आणि म्हणाल्या, "बूट काढा."

मी बूट काढले, मोजे काढले आणि त्या हिरवळीवर पाऊल ठेवलं. टाच दाबली तसं बोटांच्या फटींतून गार पाणी वर आलं, मग घोट्यापर्यंत. मी पाय काढला, दुसरीकडे ठेवला, तिथेही तेच. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे सांगण्यासाठी सरकारने मला पस्तीस वर्षं पगार दिला होता.