आक्र्याचे भावोजी

आमचे थोरले भावोजी घरात येणाऱ्या प्रत्येकाचं सामान उघडून बघत. पाहुणा असो, कासारीण असो, नाहीतर प्रत्यक्ष व्याही! ओटीवर खडूची रेघ मारलेली. तिच्या अलीकडे गाठोडं ठेवायचं आणि माणसानं पलीकडे उभं राहायचं. श्रीवर्धनात उतरलेले नातेवाईक आधी विचारत, "आक्रावाले घरात आहेत का हो?"

तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेले, ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आक्रा शहरात राहिले. तिथल्या विमानतळावर जकातीच्या साहेबाच्या हाताखाली प्रवाशांच्या पेट्या उघडत. स्वातंत्र्यानंतर परत आले, ते अख्खा विमानतळ डोक्यात घेऊनच. "पौषात तिथं वाळवंटाची धूळ उठते. विमान दिसत नाही, नुसता आवाज. पण माणूस उतरला की मी त्याच्या चपलेपर्यंत बघायचो!" हे सांगताना असे खुलत, की हातातलं काम टाकून मी ऐकत बसे.

कुणीतरी पावाच्या पोटात हिरे लपवले होते, ते म्हणे यांनी पकडले. झालं! आमच्या माहेरचे लाडूही ते अडकित्त्यानं दुभागायला लागले. मी एकदा चिडून म्हटलं, "हिरा निघाला तर अर्धा मला द्या हो, भावोजी!"

"वाटणी नसते. जप्ती असते," म्हणाले. हसले म्हणून नाहीत.

त्यांची सून सुशी म्हसळ्याची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि पोर आठवड्याच्या आत गेलं. बाप तिला घेऊन आला, तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. भावोजींनी गाठोडं पुढे ओढलं.

"भावोजी, आज नको," मी म्हटलं.

"आज सोडलं तर उद्या कोण ऐकेल?"

लुगड्यांच्या घडीतून बाळाची कुंची निघाली. शेजारपाजारच्या बायका बघताहेत, आणि हे दोन बोटांत धरून ती उंच करतात! "मेलेल्या पोराचं त्याच्याबरोबर पुरायचं असतं. हे घरात येणार नाही."

पुतण्या, म्हणजे सुशीचा नवरा, खांबाला टेकून मूग गिळून उभा. सुशीनं कुंची हिसकावून घेतली. "मग मीही येत नाही, मामंजी," म्हणाली आणि आल्या पावली बापाबरोबर निघून गेली.

"जाते कुठं? येईल चार दिवसांत," भावोजी म्हणाले. ती आली नाही. पुढे पुतण्या मुंबईला गेला, तोही फिरकला नाही.

भावोजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं. का करू नये? मला विषमज्वर झाला होता तेव्हा हेच माझ्या उशाशी बसून होते. एका दुपारी पेज भरवताना त्यांनी माझा हात धरला. "खरं सांग, त्या दिवशी मी चुकलो का गं?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? जाणाऱ्या माणसाशी एवढं खोटं कुणीही बोलतं.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही तिचं पोर दुसऱ्यांदा मारलंत."

तोंडातली पेज त्यांनी गिळली नाही. ती ओघळली, मी पुसली. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत, आणि तसेच गेले. मी ऊर फुटेस्तोवर रडले. बापासारखी माया केली होती त्यांनी माझ्यावर. पण मी जे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.