गालातली गोळी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आम्ही जुने वर्गमित्र भेटलो, चहा आला, की यवतमाळची ती लॅब डोळ्यांसमोर तरंगायला लागते अन् कोणीतरी म्हणतंच, "वंदनाची गोळी आठवते का?"

एम.फार्म.चा तिचा प्रबंध होता. औषध असं, की पाण्यात विरघळायचं नाव घेईना. गिळलं तर बरंचसं वाया. म्हणून गालाच्या आत चिकटून हळूहळू विरघळणारी गोळी तिला बनवायची होती. ती संध्याकाळपर्यंत टिकली तर प्रबंध पुढे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून!

चिकटते का, हे आधी बकऱ्याच्या गालावर बघायचं. मी खाटकाकडे गेलो. "चाचा, फक्त गालाच्या आतली कातडी द्या."

चाचांनी सुरी खाली ठेवली. "कलेजी ने ना बेटा! पाहुण्याले गाल खाऊ घालते का कोणी?"

मग बिनऔषधाच्या गोळ्या आमच्या गालांत आल्या. पहिली तिच्या मार्गदर्शक सरांनीच लावली अन् तशीच तासिका घेतली. गाल फुगलेला, बोलणं तिरपं. प्राचार्य दारातूनच म्हणाले, "अहो, आधी ती दाढ काढून या!"

प्रमोद तर गोळी लावून पंख्याखाली झोपला. उठला तो हसतच.

"गोळी कुठं हाये?" वंदनानं विचारलं.

"स्वप्नात जिलेबी खाऊन राह्यलो होतो," तो म्हणाला, "गिळली वाटते!"

खरी अडचण आमच्या तोंडांची. बोललं की गोळी सुटायची, अन् गप्प राहणं कोणालाच जमेना! वंदना रडकुंडीला आली.

तशात तिचे बाबा नेरहून आले. कापसाची ती वाईट वर्षं. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं तेव्हापासून ते घरात बोलतच नसत. वंदनाला प्रबंधापेक्षा त्याचाच घोर जास्त. आमचं सगळं ऐकून ते म्हणाले, "मले द्या. मी कुठं बोलतो?"

सरांनी मान डोलावली. गोळी लागली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं, बाबा खिडकीशी बसून राहिले. वंदना घड्याळाकडे बघे, मग त्यांच्याकडे. आता थोडंच राहिलं होतं!

बाबांनी टेबलावरच्या बरणीतला कापूस चिमटीत घेतला, हलकेच ओढून उजेडात धरला.

"वंदना, तू लहान होती न, तवा जिनिंगात कापसाच्या ढिगावर झोपून जायची. मी तुले हुडकत फिरो. सापडली का केसाइत सरकी, नाकावर कापूस..."

अन् ते थांबेचनात. मी हात वर केला, "काका, गोळी..."

वंदनानं माझा हात धरून खाली केला.

"पडू दे," ती म्हणाली. "बोला, बाबा."