चुलतभावाने धरलेली लितानी

ऑक्टोबर महिना आमच्यात मारियामातेचा. कोलशेतच्या जुन्या गावठाणात जी काही कॅथलिक घरं उरली आहेत, त्यांच्यात तिची मूर्ती महिनाभर फिरते. संध्याकाळी सगळे जमतात, आदल्या घरातून मूर्ती आणतात, माळेचा जप करतात आणि शेवटी लितानी गातात. म्हणजे एकाने मातेचं एकेक नाव सुरात घ्यायचं आणि बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. ऐकायला फार सुंदर वाटतं. प्रत्यक्षात महिनाभर चर्चा चालते ती कुणी घरचे वडे केले आणि कुणी बेकरीतले पॅटिस आणून भागवलं याची. समोरच्या टॉवरमध्ये राहायला गेलेले आमचेच नातेवाईक मूर्तीला लिफ्टने वर नेतात आणि लिफ्ट मिळेपर्यंत खाली उभं राहून एकमेकांच्या साड्या बघतात.

मी हे सगळं सहन करायचो, कारण लितानी मी धरायचो. माझ्याआधी माझे वडील धरायचे. गावात कुणी ते ठरवून दिलं नव्हतं, पण माळ संपली की सगळे माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यावर मी वर्षभर जगायचो, असं म्हटलं तरी चालेल.

या वर्षी ईस्टरनंतर माझा आवाज बसला तो उठलाच नाही. हळद, मध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सगळं झालं. शेवटी खोपटला एसटी डेपोच्या मागे एक गळ्याचे डॉक्टर आहेत, त्यांनी आत नळी घालून पाहिलं आणि गाठ आहे म्हणाले. तिचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट येणार होता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नेमका आमच्या घरी मूर्ती यायची त्याच दिवशी. बायको म्हणाली, हा संकेत आहे. मी म्हणालो, लॅबचा उशीर आहे.

तर यंदा लितानी माझ्या चुलतभावाने धरली. तो शेजारीच राहतो, माझ्याहून थोडा मोठा. पहिल्या संध्याकाळी माळ संपली, सवयीने सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि कुणी काही बोलायच्या आत हा उठून उभा राहिला. याचा आवाज म्हणजे पाणी यायच्या आधी नळ जसा खाकरतो तसा. सुरुवातच इतक्या वरून करायचा की अर्ध्यावर पोचेपर्यंत म्हाताऱ्या बायकांचा दम जायचा. आणि तरी रोज संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तोंडात वेलची टाकून तो हजर.

वेलची सिगरेटच्या वासासाठी. हा माणूस मिसरूड फुटल्यापासून सिगरेट ओढतोय. गच्चीवर, मोरीत, चर्चच्या मागे, स्वतःच्या लग्नातसुद्धा. मी आयुष्यात एक झुरका घेतला नाही. आणि गाठ माझ्या गळ्यात. देवाच्या या वाटपावर काय बोलावं ते मला समजत नव्हतं. माळ हातात असायची, ओठ हलत असायचे आणि मी त्याच्या नरड्याकडे बघत बसायचो. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नका, असं दहावी आज्ञा सांगते. त्यात घर आहे, बैल आहे, गाढव आहे. गळा नाही. मी तपासलं.

तरी मन खात होतं, म्हणून शनिवारी पापनिवेदनाला गेलो. फादर नवीन, तरुण. मी जाळीतून म्हणालो, “फादर, मला माझ्या चुलतभावाच्या आवाजाचा हेवा वाटतो.” फादरांनी त्याला गाताना ऐकलं होतं. ते जाळीजवळ सरकले आणि म्हणाले, “त्यांच्या?”

प्रायश्चित्त म्हणून मला एक माळ जपायला मिळाली. म्हणजे ज्या माळेचं दुखणं, तिचंच औषध.

काळजीचं म्हणाल, तर त्यावर उपदेश करणाऱ्यांची रांग लागली होती. चुलतभावाची मेहुणी डोंबिवलीहून मुद्दाम माळेला यायची. ती मला म्हणाली, “चिंता म्हणजे देवावर अविश्वास. मी तर सगळं त्याच्यावर सोडून मोकळी झालेय.” एवढं बोलून तिने कल्याणला मुलीला फोन लावला, घरी पोचलीस का, दार आतून लावलंस का, गॅस बघितलास का. माळ सुरू होईपर्यंत तिचे तीन फोन झाले. मला तिचा राग आला नाही, कीव आली, आणि कीव करायला कुणीतरी मिळालं म्हणून जरा बरंही वाटलं.

रिपोर्टच्या दिवशी खोपटला जाताना मात्र माझी सगळी हुशारी रिक्षातच गळून पडली. मी देवाला सरळ सांगितलं, काय हवं ते घे, मला मारू नकोस. बायको पलीकडे बसून बाहेर बघत होती. तिचंही काहीतरी असंच चाललं असणार.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, “कॅन्सर नाही.” जिवात जीव आला. बायको रडायला लागली. मग ते म्हणाले, “ही गाठ वर्षानुवर्षं आवाज ताणून झालेली आहे. छोटं ऑपरेशन करू. पण गाणं बंद. जे काय तुम्ही मोठ्याने म्हणता ते आता कायमचं सोडा.” मी मान हलवली. मरण टळलं होतं, त्यापुढे गाणं म्हणजे काय. पण खाली रिक्षा मिळेपर्यंत ते ‘कायमचं’ माझ्या छातीवर येऊन बसलं होतं. अर्ध्या तासापूर्वी काय हवं ते घे म्हणणारा मी, त्याने घेतलं म्हणून आता त्याच्यावरच चिडलो होतो.

बायकोने फोन काढला. मी तिला थांबवलं. “आत्ता नको. संध्याकाळी माळ झाली की सांगू.”

“का रे? सगळे काळजीत आहेत.”

“असू देत.”

खरं कारण असं की चुलतभावाला अख्खा महिना मिळाला होता, मला निदान एक संध्याकाळ हवी होती. सगळ्यांच्या माना एकदा तरी माझ्याकडे वळायला हव्या होत्या.

संध्याकाळी खोली भरली. मूर्ती टेबलावर बसली, माळ झाली, चुलतभाऊ उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे वरून सुरू झाला. लितानी संपली. आता शेवटचं गीत आणि मग मी बोलणार, एवढ्यात त्याने हात वर केला.

“एक ‘आमच्या बापा’ अजून म्हणूया. संत योसेफासाठी.”

आमच्यात संत योसेफाला सुखाच्या मरणासाठी विनवतात. घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तरच ही प्रार्थना माळेला जोडायची, एरवी नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपल्या मनानेच ठरवलं होतं. खोलीतले सगळे डोळे माझ्या गळ्यावर आले. डोंबिवलीच्या मेहुणीने रुमाल काढला. मला हव्या होत्या तशा माना वळल्या होत्या, आणि मी जिवंतपणी स्वतःच्या मयताला बसलो होतो.

“माझ्या भावाला...” एवढं म्हणून त्याला पुढे बोलता येईना. चुलत म्हणाला नाही. भाऊ म्हणाला.

“भाऊजी, थांबा,” बायको उठून म्हणाली. “रिपोर्ट चांगला आलाय. काही नाही त्यात.”

कुणी टाळी वाजवली, कुणी हसलं, मेहुणी म्हणाली की तिला आधीच वाटलं होतं. चुलतभाऊ मूर्तीसमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला आणि भर सभेत लहान मुलासारखा रडला. सावकाश डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला.

“मग आता उद्यापासून तू धर,” तो म्हणाला. “मला नाय जमत रे. तू समोर बसलेला असतोस. कुठं कुठं चुकतो ते तुझ्या तोंडावर दिसतं मला.”

“मग कशाला उठलेलास?”

“दुसरा कोण उठला असता तर तो बसला असता ना तुझ्या जागेवर. मी काय, तू बरा झालास की उठणार होतो.”

महिनाभर मी याच्या नरड्यावर डोळा ठेवून बसलो होतो आणि हा माणूस माझी जागा धरून बसला होता, बसमध्ये रुमाल टाकतात तशी. मला लाज वाटली आणि लगेच त्याचा रागही आला. चांगुलपणातसुद्धा तो माझ्या पुढे निघून गेला होता.

“डॉक्टरांनी गाणं बंद केलंय,” मी म्हणालो. “कायमचं.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“तूच म्हण,” मी म्हणालो. त्या महिन्यात मी केलेली तेवढी एकच खरी प्रार्थना असावी. “फक्त सुरुवात खालून कर.”

“किती खाली?”

मी पहिली ओळ हळूच म्हणून दाखवली. आवाज फाटका, किरटा निघाला, त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट. तो मन लावून ऐकत होता. खोलीत एकानेही नाक मुरडलं नाही. ते काम इतकी वर्षं मी एकटाच करत होतो.