एका हाकेला ओ

पूनम सागर सोसायटीतल्या सुगंधा टीचरना कोणी एकदा हाक मारून बघावी, बाई ढिम्म हलत नसत. दूधवाला, वॉचमन, समोरची गुजराती शेजारीण, सगळे मुकाट्याने पुन्हा हाक मारायला शिकले होते. बाईंना शिष्टपणा फार, असं मागे बोलायचे. शिष्टपणा कसला! बाई मूळच्या राई गावच्या. खाडीकाठच्या त्यांच्या घरात नियमच होता, एकाच हाकेला ओ द्यायची नाही. माणूस पुन्हा हाक मारतो. 'ते' मारत नाही, आणि ओ मिळाली की न्यायला येतं. त्यांच्या धाकट्या भावाने, पुंडलिकने, मिठागराच्या बांधावरून आलेल्या एका हाकेला ओ दिली आणि मग तो खाडीतच सापडला.

बाई दुपारी घरी इंग्रजीची शिकवणी घेत. 'जम्प्ड आउट ऑफ माय स्किन', म्हणजे दचकून उडालोच, हे मुलं कुठेही ठोकून देतात, अगदी परीक्षेच्या भीतीलाही, याचा त्यांना भारी राग. हळूहळू चढणाऱ्या भीतीला ते चालत नाही, त्या बजावायच्या; आधी अंग उडतं, मग डोकं जागं होतं, तेव्हाच लिहा.

त्या दिवशी एकटी इशिताच आली होती. रत्नागिरीकडच्या कुटुंबातली, सातवीतली पोर. तिने इंग्रजीत लिहिलं होतं की, काल खाडीजवळून सायकलने येताना मागून कोणीतरी माझं नाव घेतलं, आणि पुढे तोच वाक्प्रचार. अगदी चपखल बसला होता. बाईंनी खूश होऊन बरोबरची खूण केली. मग त्यांचं पेन थांबलं.

"किती वेळा हाक आली?"

"एकदाच, टीचर."

"मग तू काय केलंस?"

"एवढी दचकले ना, तोंडातून 'ओ' निघूनच गेलं. मागे तर कोणीच नव्हतं."

बाईंनी इशिताच्या आईला फोन करून ताबडतोब बोलावलं, खिडक्या लावल्या आणि पोरीचा हात घट्ट धरून बसल्या.

बंद खिडकीपलीकडून, सातव्या मजल्यावर, ओलसर आवाजात हाक आली. "इशिता."

पोर उडालीच. तिचं तोंड उघडलं, तसा बाईंनी त्यावर हात दाबला. आवाज त्यांनी ओळखला होता. इतकी वर्षं याच आवाजासाठी त्या झुरल्या होत्या. बाहेर काही हलत नव्हतं, पण कोणाला तरी नेल्याशिवाय आता तो जाणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

"ओ, पुंडलिका," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "ती न्हाय रं. मी हाय."