लिफ्टने धरलेला अबोला

लिफ्ट विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचा फोन बावीस वर्षं एकाच बाईंकडे होता. मिस्त्री मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं होतं कटकटमावशी. मावशींना ते नाव मंजूर नव्हतं. अपमानाचं त्यांना काही वाटत नसे, पण चूक सहन होत नसे. "मी कटकट करत नाही, पिरपिर करते," त्या ठणकावायच्या. "कटकट थांबून थांबून होते, पिरपिरीला खंड नसतो. एवढंही कळत नाही आणि हातात पाने धरून फिरता?"

त्यांचं सगळं कामच अशा फरकांवर चालायचं. फोन उचलला की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं, "अहो, आमची लिफ्ट त्रास देतेय." त्रास! हा शब्द मावशींच्या डोक्यात जायचा. सगळ्यांनी वापरून वापरून पार गुळगुळीत केलेला. "त्रास देते म्हणजे नेमकं काय करते? कुरकुरते, अडून बसते, की खोड्या काढते?" माणूस आधी बिचकायचा, मग असा काही खुलायचा की आवरता आवरत नसे. शेवटी मावशी मिस्त्रींना एकच शब्द सांगायच्या आणि मिस्त्री त्या शब्दाबरहुकूम पिशवी भरायचे. कुरकुर म्हटलं की तेलाचा डबा. तिसऱ्याचं बटण दाबल्यावर पाचव्यावर नेणं म्हणजे खोडी, तिला नव्या तारा. दार मिटता मिटता परत उघडू लागलं तर तो चावटपणा, त्याला दाराचा पट्टा. आणि आत माणसं अडकली की मावशी नुसतं "छळ!" असं ओरडायच्या. मग मिस्त्री हातातला चहा टाकून धावत सुटायचे.

तिथे नवे साहेब आले. वयाने मावशींच्या धाकट्या भाच्याएवढे, इस्त्री मात्र सासऱ्यासारखी कडक. त्यांनी फोन घेणारं यंत्र मागवलं. दारासाठी एक दाबा, दिव्यासाठी दोन दाबा.

"आणि खोड्यांसाठी काय दाबायचं?" मावशींनी विचारलं.

"मावशी, लिफ्टला स्वभाव नसतो."

"तुमची अजून एकीशीही गाठ पडलेली नाही, म्हणून."

साहेबांच्या हाती आयतं कोलीत दिलं ते एका इमारतीतल्या पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी. एका महिन्यात त्यांचे तीन फोन आले. एकदा लिफ्ट सतावत होती, एकदा पिडत होती, एकदा तिने जीव नकोसा केला होता. तिन्ही वेळा मिस्त्री गेले, तिन्ही वेळा लिफ्ट ठणठणीत. आजोबांनी मात्र त्यांना बसवून घेऊन तास-तासभर गप्पा हाणल्या. साहेबांनी बजावलं, "चौथी फेरी फुकट गेली, तर दुसऱ्या दिवशी फोनवर यंत्र बसेल आणि तुम्ही मागच्या गोदामात."

गोदामात बोलायला चिटपाखरू नव्हतं.

सोमवारी सकाळी आजोबांचा फोन आलाच.

"बोला आजोबा, आज काय करतेय?"

"काही नाही."

"काही नाही, तर फोन कशाला केलात?"

"अहो, तेच सांगायला! रोज थांबताना खट् करून माझ्या झोपेचं खोबरं करायची. आज पहाटेपासून हूं नाही की चूं नाही. म्हटलं, मावशींना बरं वाटेल."

मावशींना मुळीच बरं वाटलं नाही. त्यांच्या घरी यजमान भांडायला लागले की कपाटातली भांडी थरथरत, पण त्याची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. यजमान गप्प झाले की मात्र काळजात धस्स व्हायचं. आत काहीतरी मोडलंय, हे नक्की.

"आजोबा, तिने अबोला धरलाय," त्या म्हणाल्या. "कुणालाही चढू देऊ नका. जिन्याने खाली जा, लिफ्टच्या दारापुढे खुर्ची टाका आणि तुम्ही स्वतः बसा."

साहेब मागेच उभे होते. "तक्रार नाही, हीच तक्रार? मावशी, ही चौथी फेरी हं."

"मोजता येतं मला." आणि त्यांनी मिस्त्रींना हाक मारली.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, "अबोल्याला काय काय घेऊ?"

"सगळं घ्या."

पाऊण तास मावशी त्याच त्या कागदांची चळत लावत राहिल्या. मग मिस्त्रींचा फोन आला. "मावशी, ब्रेकची स्प्रिंग तुटलीय. ब्रेक बसतच नाही, मग खट् कुठून होणार? आणखी दोन-चार फेऱ्या झाल्या असत्या ना, तर..."

"पुढचं बोलू नका. आजोबा कुठेत?"

"खुर्चीत. मलासुद्धा आत सोडत नव्हते. अख्खी इमारत जेरीस आणलीय त्यांनी."

"आणू देत," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. यंत्राचं खोकं मात्र न उघडताच टेबलाखाली गेलं आणि मावशी त्यावर पाय ठेवून बसू लागल्या. गुरुवारी त्या चहा पीत असताना फोन वाजला, तो साहेबांनीच उचलला. थोडा वेळ ऐकलं, चोरट्या आवाजात "म्हणजे नेमकं काय होतंय?" असं विचारलं आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून ते मावशींकडे वळले.

"मावशी, 'पिच्छा पुरवलाय' म्हणतायत. काय पाठवू?"

मावशींनी शांतपणे बशी खाली ठेवली. "काही पाठवू नका साहेब. ती लिफ्ट नव्हे, नवी लिफ्ट घ्या म्हणून मागे लागलेला आपला विक्रीवाला आहे तो. त्याला परत बोलवा."